जुन्या एन्क्रिप्टेड डिस्क वाचायची सोय काढू नका : एक खुलं पत्र

प्रति,
टेल्स, हूनिक्स, क्यूब्स आणि अशाच गोपनीयता जपणाऱ्या संगणक प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) घडवणारी मंडळी,
तसंच या कामाला हातभार लावणारे मुंबईतले मराठी स्वयंसेवक

विषय : जुन्या एन्क्रिप्टेड (पासवर्डने कुलूपबंद) फॉरमॅटमधल्या डिस्क उघडण्याची सोय चालू ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

ग्रँट रोड स्टेशनहून चालत यावं इतक्या अंतरावर, लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीत मी बसतो. बंद पडलेल्या, पडलेल्या-आपटलेल्या, विसरलेल्या हार्ड डिस्कमधून डेटा काढून द्यायचं माझं काम. तुमच्या प्रणाली मी रोज वापरतो. हौस म्हणून नाही. गिऱ्हाइकाचे कागद माझ्या मशीनवर मागे राहू नयेत म्हणून. टेल्स पेनड्राइव्हवरून चालतं, तो काढला की माझ्याकडे काही उरत नाही, हे गिऱ्हाइकाला समोर दाखवता येतं. त्यामुळे हे पत्र तक्रारीच्या सुरात वाटलं तरी ते तुमच्या बाजूच्याच माणसाचं आहे.

मागणी आधी सांगतो, कारणं मग. ट्रूक्रिप्ट हा डेटा पासवर्डने कुलूपबंद करणारा जुना प्रोग्रॅम; तशा जुन्या फॉरमॅटमध्ये नवीन काही बनवायची सोय तुम्ही कुठेही ठेवू नका, त्याला माझा पाठिंबा आहे. पण जे आधीच बनून पडलंय ते उघडून वाचायची सोय काढू नका. आणि जिथे ती सोय आहे, तिथे ती असल्याचं साध्या माणसाला पडद्यावर वाचता आलं पाहिजे. आज गंमत अशी आहे की सोय बऱ्याच ठिकाणी आहे, पण कुणाला पत्ता नाही.

या डिस्क मुंबईत एवढ्या कुठून आल्या, ते बाहेरच्यांना माहीत नसेल. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुर्ला, कलिना भागात तळमजल्यावर ज्यांची ऑफिसं होती, त्यांच्या कपाटांतल्या फायलींचा लगदा झाला. आमच्या गल्लीतले जुने लोक सांगतात, की त्यानंतर स्कॅनर आणि बाहेरून जोडायच्या डिस्क यांना एकदम उठाव आला. वकील, ट्रस्ट, युनियनवाले, समुपदेशन केंद्रं, सगळ्यांनी कागद स्कॅन करून डिस्कवर टाकायला घेतले. ज्यांच्याकडे दुसऱ्यांची नावं, जबान्या, आजारपणं होती, त्यांना ऑफिसातल्या एखाद्या जाणत्या पोराने ट्रूक्रिप्ट घालून दिलं. ते फुकट होतं, विंडोज एक्सपीवर चालायचं, आणि 2004 पासून मिळत होतं. पोरगं पुढे बंगळुरूला गेलं. डिस्क कपाटात राहिली.

मग 28 मे 2014 ला ट्रूक्रिप्टच्या अनामिक कर्त्यांनी दुकान बंद केलं. संकेतस्थळावर सूचना लावली, की हे वापरणं सुरक्षित नाही, यात न दुरुस्त झालेल्या त्रुटी असू शकतात. आणि शेवटची आवृत्ती अशी ठेवली की ती फक्त जुनं उघडेल, नवं बनवणार नाही. त्यांच्या जाण्यामागचं कारण कुणालाच नीट कळलं नाही, पण जाताना वाचायची सोय त्यांनीसुद्धा ठेवली, हे मला आजही महत्त्वाचं वाटतं. त्याआधीच, 2013 मध्ये, ट्रूक्रिप्टच्याच कोडवरून व्हेराक्रिप्ट सुरू झालं होतं. त्याने आठेक वर्षं जुने ट्रूक्रिप्ट कंटेनर (कुलूपबंद फायली किंवा डिस्क) उघडून दिले. 2023 मध्ये 1.26 या मालिकेत ती सोय काढली गेली. आता ट्रूक्रिप्टचं जुनं काही उघडायचं किंवा बदलून घ्यायचं असेल, तर 1.25.9 ही आवृत्ती वापरा, असं ते सांगतात. त्याच वेळी रायपएमडी-160 हा हॅशही (पासवर्डातून किल्ली घडवायची गणिती पद्धत) काढला, म्हणजे त्यावर बनवलेले व्हेराक्रिप्टचे स्वतःचे जुने कंटेनरही गेले. निर्णय त्यांचा, कोड त्यांचा. मला त्यात बोलायचं नाही. पण एवढं लक्षात घ्या, की ट्रूक्रिप्ट 7.1a मध्ये कंटेनर बनवताना काही न बदलता पुढे-पुढे दाबत गेलं, तर हॅश म्हणून रायपएमडी-160 च निवडलेला असायचा. साधी माणसं काही बदलत नाहीत. ती पुढे-पुढेच दाबतात.

इथे थोडं आतलं सांगतो, कारण सगळी गोची त्यातच आहे. ट्रूक्रिप्टच्या कंटेनरला बाहेरून ओळखता येईल अशी कुठलीही खूण नसते. सुरुवातीचे 512 बाइट हे हेडर. त्यातले पहिले 64 बाइट सॉल्ट (पासवर्डात मिसळायचे कसेही निवडलेले बाइट), उरलेलं एन्क्रिप्टेड. बघणाऱ्याला सगळा निव्वळ कचरा दिसतो, आणि तसाच दिसावा अशीच रचना आहे. प्रोग्रॅम तुमचा पासवर्ड घेतो, एकेक हॅश आणि एकेक सायफर (कुलूप लावायची पद्धत) लावून हेडर उलगडून बघतो, आणि आत ठरलेल्या जागी चार अक्षरं सापडतात का ते तपासतो. ट्रूक्रिप्टमध्ये ती चार अक्षरं ‘TRUE’, व्हेराक्रिप्टमध्ये ‘VERA’. सापडली नाहीत, तर का सापडली नाहीत हे प्रोग्रॅमला सांगताच येत नाही. पासवर्ड चुकला असेल, फाइल भलतीच असेल, डिस्कचा पहिला सेक्टर खराब असेल, किंवा या आवृत्तीला तो जुना प्रकार मुळात येतच नसेल. चारही वेळा पडद्यावर एकच संदेश. त्यात पहिली ओळ असते ती पासवर्ड चुकल्याची, आणि माणूस तिथेच थांबतो.

गेल्या पावसाळ्याच्या आधी लालबागच्या एक बाई आल्या. सोबत त्यांचा मुलगा. पिशवीत साडेतीन इंची जुनी डिस्क, जड, 12 व्होल्टच्या वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी. अडॅप्टर अर्थातच हरवलेला. त्यांचे यजमान गिरणी कामगारांच्या घरांच्या अर्जांचं काम बघायचे. कोण कुठल्या गिरणीत होता, तिकीट नंबर, हजेरी कार्ड, भविष्य निर्वाह निधीची पावती, ईएसआयचं कार्ड, सगळं स्कॅन करून एका जागी. अशा याद्यांवर दलालांचा डोळा असतो, म्हणून त्यांनी त्या एन्क्रिप्ट करून ठेवल्या होत्या. यजमान गेले. पासवर्ड मात्र त्यांनी डायरीत लिहून ठेवला होता, कॅपिटल अक्षरांखाली रेघ मारून, शून्य आणि ‘ओ’ यांतला फरक शेजारी कंसात लिहून. एवढं नीटनेटकं लिहिणारा माणूस पासवर्ड चुकवेल असं मला वाटेना. पण घराजवळच्या कॉम्प्युटरवाल्याने नवा प्रोग्रॅम टाकून बघितला होता आणि ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असं सांगून टाकलं होतं. बाई मला म्हणाल्या, “दादा, शेवटी शेवटी त्यांना काही आठवायचं नाही. बदलला असेल आणि लिहायचं राहिलं असेल.”

मी आधी डीडीरेस्क्यूने डिस्कची पूर्ण नक्कल काढली. मूळ डिस्क बाजूला ठेवली. मरायला टेकलेल्या डिस्कवर प्रयोग करायचे नसतात. मग नेटवर्क बंद ठेवून टेल्सवर नक्कल लावली, डायरीतला पासवर्ड जसाच्या तसा टाकला, फक्त वाचण्यासाठी उघडायला सांगितलं. थोडा वेळ पडदा तसाच. आणि मग फोल्डरांची यादी आली, गिरणीच्या नावांनी लावलेली. पहिल्याच फटक्यात. डायरीतलं एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

आतल्या वर्ड फायली उघडल्या तर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसली, कारण त्या युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधल्या होत्या. तो फॉन्ट टाकल्यावर नावं दिसू लागली. मराठीत काम करणाऱ्या कुणालाही हे नवं नाही. आपल्याकडे 2000 च्या आगेमागे टाइप केलेले कितीतरी दिवाळी अंक, ठराव, स्मरणिका आज अशाच पडून आहेत. मजकूर शाबूत, वाचायची सोय गेलेली. जुन्या फॉन्टचे कन्व्हर्टर कुणीतरी लिहिले, सांभाळले, म्हणून थोडंफार तरी वाचतंय. एन्क्रिप्टेड डिस्कचं दुखणं याच घराण्यातलं, फरक एवढाच की भेळ बघून निदान काहीतरी लिहिलंय हे कळतं. कंटेनर बघून तेही कळत नाही. लोक तो कचरा समजून पुसून टाकतात.

आता कल्पना करा, की माझ्याकडच्या प्रणालीतून ही सोय काढलेली असती. मग त्या बाईंनी काय केलं असतं? मी वर्षानुवर्षं बघतोय की लोक काय करतात. कुणीतरी कुठल्याशा संकेतस्थळावरून ट्रूक्रिप्टची जुनी आवृत्ती उतरवतो, जिची डिजिटल सही कुणी तपासत नाही, आणि रोजच्या नेटला जोडलेल्या विंडोजवर चालवतो. कुणी माळ्यावरचा एक्सपीचा लॅपटॉप खाली काढतो. कुणी डिस्क आणि पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी दोन्ही एकत्र दुकानदाराच्या हातात देऊन चहा प्यायला जातो. हे तिसरं सगळ्यांत जास्त चालतं, माझ्या टेबलावर अशा चिठ्ठ्या येतात, आणि मी दरवेळी त्या परत करून माणसाला स्वतः टाइप करायला बसवतो. म्हणजे तुम्ही जी माणसं वाचवायला निघालात, त्यांचा सगळ्यांत नाजूक डेटा सगळ्यांत असुरक्षित जागी उघडला जातो. जुनं उघडायला जगात योग्य जागा कुठली असेल, तर ती तुमचीच: नेटवर्क बंद, सगळं मेमरीत, बंद केलं की विसरणारं. क्यूब्समध्ये तर नेटवर्क नसलेली, वापरून फेकून द्यायची क्यूब करून तिला डिस्क जोडता येते. याहून चांगलं टेबल मला माझ्या दुकानातही बनवता येणार नाही.

तुमच्याकडून येणारे आक्षेप मला माहीत आहेत. काही रास्त आहेत.

जुनं एन्क्रिप्शन कमकुवत आहे, त्याला आधार दिला तर लोक त्यालाच चिकटून बसतील, असं म्हटलं जातं. कमकुवत आहे, मान्य. ट्रूक्रिप्ट पासवर्डवर हॅशच्या 1000 किंवा 2000 फेऱ्या मारायचं; व्हेराक्रिप्टने साध्या कंटेनरसाठी तो आकडा 5,00,000 वर नेला. आजच्या ग्राफिक कार्डांपुढे हजार फेऱ्या म्हणजे काहीच नाही. पण हा धोका डिस्क चोरणाऱ्याकडून आहे, मालकाकडून नाही. चोर तुमची प्रणाली वापरत नाही, त्याच्याकडे त्याची हत्यारं आहेत. तुम्ही वाचायची सोय काढल्याने त्या डिस्कवरचं एन्क्रिप्शन तसूभरही मजबूत होत नाही. उलट मालकाला त्यातून माल बाहेर काढून नव्या जागी नेता येत नाही, म्हणून तो आणखी दहा वर्षं तिथेच राहतो. बाहेर काढायचं तर आधी आत शिरता आलं पाहिजे, इतकं ते सरळ आहे.

शिवाय कमकुवत म्हणजे नेमकं काय, तेही वेगळं करून बघा. 2015 च्या एप्रिलमध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा कंपनीने ट्रूक्रिप्टची तपासणी पूर्ण केली. त्यात मुद्दाम ठेवलेली चोरवाट किंवा गंभीर रचनादोष सापडला नाही. त्याच वर्षी पुढे गुगलच्या प्रोजेक्ट झिरोमधल्या संशोधकाने दोन त्रुटी दाखवल्या, त्यांतली एक खरोखर गंभीर होती. पण त्या विंडोजवरच्या ड्रायव्हरमधल्या होत्या. लिनक्सवर क्रिप्टसेटअप हे साधन जेव्हा तोच कंटेनर उघडतं, तेव्हा त्या ड्रायव्हरचा संबंधच येत नाही. क्रिप्टसेटअपने तो फॉरमॅट वाचायचा कोड स्वतः नव्याने लिहिलेला आहे. प्रोग्रॅम वाईट निघाला म्हणून त्याने लिहिलेली डिस्क वाचणंही धोक्याचं, असं धरून चालणारे लोक भेटतात. ते दोन वेगळे प्रश्न आहेत.

जुन्या फॉरमॅटचा कोड म्हणजे हल्ल्याला आणखी एक फट, हा आक्षेप मला जास्त पटतो. कुणी मुद्दाम बिघडवलेली डिस्क हातात देऊ शकतो, पत्रकारांना तर देतातच. पण 512 बाइटांचं हेडर उलगडण्यात फार काही फसत नाही. खरा धोका आतल्या फॅट किंवा एनटीएफएस फाइल सिस्टिममध्ये असतो, आणि त्या तुम्ही कुठल्याही पेनड्राइव्हच्या उघडताच. आपोआप काही उघडू नका, माणसाने मागितलं तरच उघडा, एवढं मला पुरे आहे.

परवान्याचा प्रश्न होता तो संपल्यात जमा आहे. ट्रूक्रिप्टचा परवाना डेबियनला (टेल्स ज्या लिनक्सवर उभं आहे तिला) चालणारा नव्हता. क्रिप्टसेटअपचा कोड मुक्त परवान्यावर आहे.

राहिलं मनुष्यबळ. याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. तुमचे गट लहान आहेत, निधीसाठी दरवर्षी हात पसरावा लागतो, टेल्स 2024 मध्ये निनावी इंटरनेट वापराचं जाळं घडवणाऱ्या टॉर प्रकल्पात सामील झालं त्यामागेही हाच ताण होता. पण या बाबतीत अवघड काम दुसऱ्यांनी करून ठेवलंय, हे बघा. क्रिप्टसेटअपने 2013 मध्येच 1.6 आवृत्तीत ट्रूक्रिप्ट वाचायला घेतलं. 2015 मध्ये व्हेराक्रिप्ट वाचायची सोय आली. ट्रूक्रिप्टच्या 4.1 च्या आधीच्या आवृत्त्या एन्क्रिप्शनची एक वेगळीच पद्धत वापरायच्या. ती वाचता यावी म्हणून लिनक्सच्या कर्नलने 2014 च्या सुरुवातीला 3.13 मध्ये खास सोय घातली, तेव्हा त्या पद्धतीला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. क्रिप्टसेटअपमध्ये 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टचं बिटलॉकर वाचायची सोय आली, 2022 मध्ये ॲपलचं फाइलव्हॉल्ट वाचायची. म्हणजे पायाभूत थरातली माणसं जुनं आणि परकं वाचायची सोय वाढवत आहेत. आणि तुम्हीही हातभार लावलाय. 2018 च्या सप्टेंबरमध्ये टेल्स 3.9 आलं, तेव्हा व्हेराक्रिप्टचे कंटेनर माऊसने उघडता येऊ लागले, आणि ते काम तुम्ही फक्त स्वतःपुरतं न ठेवता ग्नोम या डेस्कटॉपमध्ये आणि डिस्क हाताळणाऱ्या यूडिस्क्समध्ये पोचवलंत. आज माझ्या दुकानातल्या साध्या लिनक्सवर ते चालतं, त्याचं श्रेय तुमचं आहे.

माझी भीती ही नाही, की तुम्ही एखाद्या सभेत बसून ‘जुनं बंद’ असा ठराव कराल. असं कुणी करत नाही. सोय मरते ती कुणाच्या लक्षात न येता. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या 2021 मधल्या 3.0 आवृत्तीत व्हर्लपूल हा हॅश ‘लेगसी’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात गेला. कुणी पॅकेज बांधताना तो कप्पा वगळला, की त्या हॅशवरचे जुने कंटेनर उघडेनासे होतील, आणि पडद्यावर काय दिसेल? पासवर्ड चुकला. याआधी व्हर्लपूलचंच असं झालं होतं: लिबजीक्रिप्ट या दुसऱ्या लायब्ररीत त्या हॅशच्या गणितात चूक होती, 1.6 मध्ये ती सुधारली, आणि चुकीच्या गणितावर बनवलेल्या लोकांच्या लक्स (लिनक्सचा स्वतःचा एन्क्रिप्शन फॉरमॅट) डिस्क उघडेनात. सुधारणा योग्यच होती. क्रिप्टसेटअपच्या लोकांनी तेव्हा हात झटकले नाहीत. ती जुनी चूक मुद्दाम पुन्हा करून डिस्क उघडायचा मार्ग त्यांनी ठेवला आणि तो लिहूनही ठेवला. मला तुमच्याकडून हीच वृत्ती हवी आहे.

यूडिस्क्समधलंही असंच एक. ट्रूक्रिप्ट-व्हेराक्रिप्टचा आधार चालू व्हायला त्याच्या सेटिंगच्या फोल्डरात ‘टीक्रिप्ट’ नावाची कॉन्फ फाइल असावी लागते. आत काही नसलं तरी चालतं, फाइल फक्त असली पाहिजे. ती नसेल तर डिस्क लावल्यावर काहीच विचारलं जात नाही. रिकाम्या फाइलवर कुणाच्या तरी वडिलांची दहा वर्षांची कागदपत्रं टांगलेली, हे मला अजूनही पचत नाही.

तर काय करावं म्हणतो. टेल्समधल्या कंटेनर उघडायच्या खिडकीवर आणि मेनूत व्हेराक्रिप्टच्या शेजारी ट्रूक्रिप्ट हे नाव छापा. ज्याच्या डायरीत ‘ट्रूक्रिप्ट’ लिहिलंय, तो व्हेराक्रिप्टच्या खिडकीवर का क्लिक करेल? उघडताना ‘फक्त वाचण्यासाठी’ हे आधीपासून निवडलेलं असू द्या, कारण ट्रूक्रिप्टमध्ये कंटेनराच्या पोटात दुसरा लपलेला कंटेनर असू शकतो, आणि बाहेरच्यात चार फायली लिहिल्या तर आतल्याचा सत्यानाश होतो. ज्याने तो लपवला तो आज हयात नसेल तर सांगणार कोण? अपयशाचा संदेश खरा लिहा. ‘पासवर्ड चुकला असेल, किंवा डिस्कचा पहिला भाग खराब झाला असेल, किंवा हा प्रकार या आवृत्तीत वाचता येत नाही’, आणि खाली आपण कोणकोणते प्रकार करून बघितले ते. ट्रूक्रिप्ट 6.0 पासून हेडरची एक प्रत कंटेनराच्या शेवटी ठेवलेली असते. क्रिप्टसेटअपला ती वापरायला सांगता येतं, पण त्यासाठी काळ्या पडद्यावर टाइप करावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या डिस्कचा पहिलाच भाग बहुधा गेलेला असतो. ती निवड खिडकीत येऊ द्या.

आणि उघडल्यावर माणसाला तिथेच सोडू नका. ‘हे जुन्या प्रकारात आहे, नव्या लक्स डिस्कवर नक्कल करून घ्यायची का?’ असं विचारा. नक्कलच, नुसता पासवर्ड बदलणं नव्हे. पासवर्ड बदलला की फक्त हेडर नव्याने लिहिलं जातं, आतली मूळ किल्ली तीच राहते. जुन्या हेडरची प्रत आणि जुना पासवर्ड ज्याच्या हाती लागेल त्याला आजचा डेटाही उघडता येतो. हे बहुतेक तंत्रज्ञांनाही ठाऊक नसतं. 2023 च्या जून महिन्यात टेल्स 5.14 मध्ये तुम्ही कायमस्वरूपी साठ्याचं लक्स 1 वरून लक्स 2 मध्ये रूपांतर आपोआप करून दिलंत, पासवर्डातून किल्ली घडवायची अर्गॉन2आयडी ही नवी पद्धत आणलीत, आणि जुनी लक्स 1 ची डिस्क लावली तर ती आजही उघडते. काम कसं करावं याचा नमुना तुमच्याच घरात आहे.

सगळंच सांभाळा असं मी म्हणत नाही. पेनड्राइव्ह कंपन्या स्वतःची ‘सेफ’ बनवणारे जे प्रोग्रॅम द्यायच्या, त्यांच्या मागे कुणी लागू नये. त्यांची रचनाच उघड नव्हती. ज्याचा फॉरमॅट लिहून ठेवलेला आहे, ज्याचा मुक्त कोड चालू आहे आणि ज्याच्या डिस्क लोकांच्या कपाटात खरोखर आहेत, एवढंच धरा. एखादी सोय काढावीच लागली, तर किमान दोन आवृत्त्या आधी पडद्यावर सांगा, आणि वाचू शकणारी शेवटची आवृत्ती सहीसकट उतरवता येईल अशी ठेवा. व्हेराक्रिप्टने 1.25.9 कडे बोट दाखवलं, तेवढं तरी.

भारतातली एक गोष्ट परदेशात बसून ध्यानात येणार नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली अधिकृत यंत्रणा एखाद्याला त्याचा डेटा उलगडून देण्याचा आदेश देऊ शकते, आणि सहकार्य न केल्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. त्या कलमाबद्दल माझं मत चांगलं नाही, पण तो वाद इथला नाही. ज्या वकिलाकडे किंवा संस्थेकडे 2009 चा कंटेनर आहे, पासवर्ड आहे आणि उघडायला प्रोग्रॅम नाही, त्याने समोरच्याला काय पटवायचं? ‘आवृत्ती बदलली, साहेब’ हे वाक्य चौकीत म्हणून बघा. स्वतःचा डेटा स्वतःला उघडता येणं हा इथे नुसत्या सोयीचा प्रश्न राहत नाही.

आता मुंबईतल्या मराठी स्वयंसेवकांसाठी दोन शब्द. वर जे मागितलंय, त्यातलं निम्मं काम कोडचं नाहीच. संदेश नीट लिहिणं, त्यांचं मराठी करणं, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीवर जुने कंटेनर उघडून बघणं. क्रिप्टसेटअपच्या चाचण्यांमध्ये ट्रूक्रिप्ट आणि व्हेराक्रिप्टच्या नमुना फायलींचा गठ्ठा तयारच आहे. तो घ्यायचा आणि टेल्सच्या चाचणी आवृत्तीवर खिडकीतून एकेक उघडून बघायचा, नोंद पाठवायची. कॉलेजातल्या दोन मुलांचं एका रविवारचं काम. मराठी करताना मात्र कृपा करून ‘कूटलेखित खंडाचे अकुलूपन अयशस्वी’ असलं काही लिहू नका. लालबागच्या त्या बाईंना वाचून कळेल असं लिहा.

माझ्याकडून मी एवढं देऊ शकतो. वेगवेगळ्या काळातल्या ट्रूक्रिप्टवर बनवलेले नमुना कंटेनर, लपलेल्या कंटेनरासकट आणि पहिला सेक्टर मुद्दाम खराब केलेले, मी तयार करून देतो. त्यांत गिऱ्हाइकाचा एकही कागद नसेल. जुन्या आयडीई डिस्क, त्यांच्या केबल, बारा व्होल्टचे अडॅप्टर दुकानात आहेत, कुणाला प्रत्यक्ष डिस्कवर चाचणी घ्यायची असेल तर दुपारी दोन ते चार टेबल रिकामं असतं. शनिवार सोडून, शनिवारी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.

या पत्राचं इंग्रजी करणं चालू आहे, ते वेगळं पाठवतो. यात तांत्रिक चूक दिसली तर आधी ती कळवा, म्हणजे इंग्रजी प्रतीत ती जाणार नाही.

आपला,
लॅमिंग्टन रोडवरचा एक डेटा रिकव्हरीवाला
मुंबई